फोन हिसकावण्यापेक्षा त्याला कामाला लावा

तुम्ही विचारलंय की मुलगी ९ वर्षांची, मुलगा ३ वर्षांचा, दोघंही फोनला चिकटलेले असतात; रोजची ओढाताण करण्यापेक्षा आईवडिलांनी मुलांसोबत बसून करण्यासारखं काही आहे का? आहे. पण 'कुठलं अ‍ॅप चांगलं?' इथून सुरुवात केलीत तर फोन अ‍ॅप्सनी भरेल आणि पोर चार दिवसांत परत कार्टूनवर जाईल. आमच्याकडे उलटं चालतं. घरात किंवा गावात आधीच चाललेली एखादी गोष्ट धरायची आणि फोनला तिच्यात राबवायचं.

आमचं गाव गोव्यातल्या फोंडा तालुक्यात, खाडीला लागून. त्यामुळे खाजन शेती (खाडीकाठी बांध घालून केलेली) आणि मानस (त्या बांधातली पाणी आत-बाहेर करणारी झडप) रोजच्या पाहण्यातली. मानशीचं लाकडी दार तुम्ही बघितलं असेल: ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडतं, भरती चढली की बाहेरच्या पाण्याने आपोआप लागतं. वीज नको, मोटर नको. आमच्या मुलीला फोनवर भरती-ओहोटीच्या वेळा काढून दिल्या आणि म्हटलं, आज दार कधी लागणार ते तू सांग. तिने सांगितलेल्या वेळेला आम्ही बांधावर हजर, तर दार चांगलं उघडं. "बाबा, फोन खोटं सांगतोय!"

फोन खोटं सांगत नव्हता. त्यातली वेळ मुरगाव बंदराची होती आणि मुरगाव पडलं झुवारीच्या तोंडाशी. तिथून पाणी चढत चढत आमच्या बांधापर्यंत यायला वेळ लागतोच. मग तिने वहीत दोन रकाने आखले, एक फोनच्या वेळेचा, एक दाराचा. त्यात शेजारच्या काकांनी तिसरा रकाना घुसडला. ते पंचांग बघून सांगतात: तिथीला पाऊणने गुणा, येईल ती भरतीची वेळ. अष्टमी म्हणजे ८ गुणिले पाऊण, सहा वाजता. ढोबळच हिशेब, पण रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा साधारण ५० मिनिटं उशिरा येते, ते त्यात जवळपास बसतं. काका, फोन आणि मानस अशी तिरंगी लढत सुरू झाली. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण आणि अष्टमीचा भांग (म्हणजे कमी चढणारी भरती) तिला त्यातच कळला, मला काही शिकवावं लागलं नाही. (बांधावर पोरांना एकटं पाठवू नका, पावसाळ्यात तर अजिबात नको.)

माझं मत असं की फोन सांगतो एक आणि समोर दिसतं दुसरं, तिथेच मुलाचं डोकं चालायला लागतं. म्हणून सगळं बरोबर सांगणाऱ्या, वर टाळ्या वाजवून चांदण्या देणाऱ्या 'शैक्षणिक' अ‍ॅप्सवर माझा फारसा विश्वास नाही.

पक्ष्यांचंही तसंच. कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी प्रयोगशाळेचं मर्लिन हे अ‍ॅप फुकट आहे. आपल्या भागाची यादी एकदा उतरवून घेतली की आवाज ऐकून नाव सुचवतं. बागायतीत एका सकाळी त्याने शिक्रा हा शिकारी पक्षी सुचवला. आम्ही माना वर करून शोधतोय, तर पोफळीवर लांब शेपटीचा भृंगराज बसलेला. हा पक्षी दुसऱ्यांच्या नकला करण्यात पटाईत. आता मुलगी नाव आलं की आधी डोळ्यांनी खात्री करते, मगच लिहून ठेवते. दर फेब्रुवारीत 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' ही पक्षीगणना असते, चार दिवसांची. किमान १५ मिनिटं एका जागी पक्षी मोजून यादी ई-बर्ड या संकेतस्थळावर टाकायची. परसातूनही जमतं, चोडणच्या सलीम अली अभयारण्यात गेलात तर उत्तमच. रायबंदरहून फेरीबोट आहे आणि मुलांना पक्ष्यांइतकीच ती फेरीबोट आवडते, हा अनुभव.

चवथीला तर माटोळीच पुरे, म्हणजे गणपतीच्या वर रानातली फळं-फुलं बांधतात ती. बांधताना एकेका वस्तूचा फोटो मुलांनी काढायचा आणि आजीला बोलतं करून आवाज ध्वनिमुद्रित करायचा: कांगलां कुठल्या रानात मिळतात, करमलां कधी काढायची, घागऱ्यो कुणी आणून दिल्या. आमच्याकडे आजी आधी "माझा आवाज कशाला" म्हणत होती, आता फोन दिसला की स्वतःच सुरू होते. फोटोवरून झाडाचं नाव शोधायला आयनॅचरलिस्ट किंवा गूगल लेन्स वापरा, पण आजीला विचारून झाल्यावर.

कोडिंगचा फार बाऊ करू नका. एमआयटी या अमेरिकन विद्यापीठाने २००७ साली आणलेलं, ठोकळे जोडून प्रोग्राम करायचं स्क्रॅच फुकट आहे, ८ वर्षांपासून जमतं. आपल्याकडे गोवा सरकारच्या 'केअर्स' या कोडिंग-रोबोटिक्सच्या योजनेत शाळांमधून पुढे येणारच आहे, तेव्हा आत्ता क्लासला पैसे घालण्याची घाई नको. मुलीने त्यात मानशीचं दार केलंय. भरती आली की लागतं आणि मासा आत अडकतो. दोन संध्याकाळी शेजारी बसून "मासा उलटा का पोहतोय?" एवढंच विचारत राहिलो.

धाकट्यासाठी मात्र हात आखडता घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांप्रमाणे २ ते ४ वर्षांच्या मुलांना दिवसाला एक तासापेक्षा जास्त स्क्रीन नको, कमी असेल तेवढं बरं. तो तास मांडीवर घेऊन घालवा. 'प्रथम बुक्स' या प्रकाशनाच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठीत आणि कोंकणीतही चित्रगोष्टी फुकट आहेत. वाचायच्या तुम्ही, पान उलटायचं त्याने. कुणी तारवटी (बोटीवर नोकरीला असलेला) मामा-काका असेल तर व्हिडिओ कॉल लावा. आमच्या मामाने एकदा बोटीचं स्वयंपाकघर फिरून दाखवलं, तर भाच्याने उत्तरादाखल हातातली अर्धी खाल्लेली पोय (आपला गोव्याचा पाव) कॅमेऱ्याला लावली.

यासाठी नवीन काही घेऊ नका. घरातला जुना फोन सिम काढून, पुसून साफ करून द्या, त्यात एवढीच अ‍ॅप्स ठेवा आणि चार्जर स्वयंपाकघरात. तुमचा स्वतःचा फोन वेगळा राहिला की त्यावरची भांडणं बरीच कमी होतात. बांधावर किंवा बागेत जाताना तो जुना फोन मुलीच्या हातात, वहीपेन तुमच्याकडे.