विंडोज ७ (३२-बिट) मध्ये ४ जीबी रॅम घातली, पण ३.२५ जीबीच 'युजेबल' दाखवतं. दुकानदाराने फसवलं का?

नाही. रॅम पूर्ण आहे. दुकानदाराला चोर ठरवण्याआधी हे वाचा, कारण हाच आरोप मी चारचौघांत ऐकून घेतला आहे.

३२-बिट विंडोजकडे पत्तेच (मेमरीतल्या जागांचे क्रमांक) ४ जीबीपुरते असतात आणि ते एकट्या रॅमच्या मालकीचे नसतात. ग्राफिक्स कार्ड, नेटवर्क कार्ड, बायॉस (मशीन चालू होताना विंडोजच्या आधी चालणारा बोर्डवरचा प्रोग्रॅम) यांना त्यातलेच वरच्या टोकाचे पत्ते लागतात. तेवढ्या पत्त्यांमागची रॅम झाकली जाते. कुणाला ३.२५ दिसते, कुणाला ३.५, दणकट ग्राफिक्स कार्ड असेल तर आणखी कमी.

मी मुंबईत लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानात मशीन जोडायचो. प्रभादेवीला एक प्रेसवाले आमचे जुने गिऱ्हाईक होते: लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, दिवाळी अंकाची पानं, सगळं विंडोज एक्सपीवरच्या पेजमेकर आणि कोरलमध्ये. रॅम स्वस्त झाल्यावर त्यांनी दोन-दोन जीबीच्या दोन स्टिक मागवल्या आणि मी स्वतः जाऊन बसवल्या. संध्याकाळी फोन आला, "पाऊण जीबी कुठे गेली?" विंडोज ७ निदान घातलेली आणि वापरता येणारी असे दोन आकडे दाखवतं. एक्सपीत फक्त ३.२५ दिसायचं.

गेलो. ऑपरेटर, बाइंडिंगवाले, मालकांचे भाऊ, सगळे मशीनभोवती उभे. बायॉसमध्ये ४०९६ दाखवलं. एकेक स्टिक काढून दाखवली, दोन्ही वेळा २०४८. मालक म्हणाले, "हे तुमचं काहीही असेल, विंडोज खोटं बोलेल का?" मग ६४-बिट उबुंटूची (विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्सची) सीडी लावून मशीन चालू केलं. तिथे जवळजवळ सगळी रॅम दिसली. तर म्हणे, "म्हणजे आमचं विंडोज तुम्ही बिघडवलंत!" शेवटी बिलातून पाऊण जीबीचे पैसे कापले, आणि आमच्या शेठने ते माझ्या पगारातून वळते केले. वर मलाच सुनावलं, "एवढं समजावत बसलास म्हणून त्यांना संशय आला. गिऱ्हाईकाला कमीच सांगायचं."

हे मला तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. ऑर्डर घेताना शेठने एक वाक्य सांगितलं असतं की एक्सपीत सव्वातीनच दिसेल, तर तो तमाशा झालाच नसता. नंतर माझं स्वतःचं काम सुरू केल्यावर मी बिलावर ते लिहूनच द्यायचो, आणि एकाही गिऱ्हाईकाने पैसे कापले नाहीत. दुकानदार हे वाचत असतील त्यांनी लिहून द्यावं. तोंडी सांगितलेलं गिऱ्हाईक विसरतं.

"३२-बिट म्हणजे ४ जीबी, विषय संपला" असं जे ठोकून देतात तेही अर्धवट आहे. १९९५ च्या पेंटियम प्रोपासून प्रोसेसरमध्ये पीएई (फिजिकल अ‍ॅड्रेस एक्स्टेन्शन, म्हणजे पत्ते वाढवण्याची सोय) आहे, त्यात ३६ बिटचे पत्ते, म्हणजे ६४ जीबीपर्यंत रॅम. ३२-बिट लिनक्स ती वापरायचं, विंडोज सर्व्हर २००३ ची एंटरप्राइज आवृत्तीसुद्धा वापरायची. घरगुती विंडोजला मायक्रोसॉफ्टने मुद्दाम ४ जीबीवर अडवलं, कारण बाजारातले कितीतरी ड्रायव्हर त्यापुढचा पत्ता दिसला की मशीन पाडायचे. माझ्या मते घरगुती मशीनसाठी निर्णय बरोबर होता. पण ते खोक्यावर ठळक छापायला हवं होतं. ते न छापल्याने आम्हा पोरांवर बालंट आलं.

आता तुमचं. ती पाऊण जीबी हवीच असेल तर ६४-बिट विंडोज टाका. मात्र ३२-बिटवरून थेट अपग्रेड होत नाही, सगळं नव्याने टाकावं लागतं. डॉसच्या काळातलं हिशेबाचं सॉफ्टवेअर असेल तर ते ६४-बिटवर चालणार नाही. मराठी फॉन्टचं पॅकेज डोंगलवर (मशीनला लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही अशा किल्लीवर) असेल तर त्याचा ६४-बिट ड्रायव्हर मिळतो का ते आधी बघा. शिवाय ३२-बिट विंडोजमध्ये एकेका प्रोग्रॅमला साधारणपणे २ जीबीच मिळते, त्यामुळे एकच सॉफ्टवेअर उघडून काम करत असाल तर सव्वातीन पुष्कळ झाली.

आणि बोर्ड इंटेल ९४५ चिपसेटचा (प्रोसेसर आणि रॅम जोडणाऱ्या बोर्डवरच्या चिपचा) असेल तर हा खटाटोप करूच नका. तो चिपसेट झाकलेली रॅम ४ जीबीच्या वर हलवूच शकत नाही, ६४-बिट टाकूनही आकडा तोच राहील.