फाइल बदलून मिळते, मूळ प्रत कुठे राहते?

डिचोलीहून : घराच्या वाटणीसाठी वकिलांना कागद पाठवायचे होते. एक-चौदाचा उतारा (जमिनीच्या नोंदीचा कागद), पोर्तुगीज काळातलं विक्रीपत्र आणि सगळ्या भावंडांची आधार कार्डं, यांचे फोटो एका मोफत संकेतस्थळावर चढवून पीडीएफ केली. पत्त्यापुढे ‘एचटीटीपीएस’ होतं. मग धोका आहे का?

‘एचटीटीपीएस’मुळे तुमच्या मोबाइलपासून त्यांच्या सर्व्हरपर्यंतच्या वाटेत फाइल कुणाला वाचता येत नाही, इतकंच. पलीकडे पोचल्यावर ती उघडावीच लागते, नाहीतर फोटोची पीडीएफ होणार कशी? अगदी प्रामाणिक सेवेलाही हे चुकत नाही. म्हणून मी आधी बघतो ते हे की उघडलेली प्रत तिथे किती वेळ राहते. चांगली सेवा प्रत्येक काम वेगळ्या, तात्पुरत्या जागेत करते, साठवलेली प्रत एनक्रिप्ट करते (म्हणजे किल्लीशिवाय वाचता येणार नाही अशी ठेवते), डाउनलोडची लिंक अंदाजाने सापडू नये इतकी लांब ठेवते आणि ठरल्या वेळी तुमची फाइल व नवी पीडीएफ दोन्ही पुसते. ती मुदत गोपनीयता धोरणात तासांत लिहिलेली असायला हवी. ‘आवश्यक तेवढा काळ’ असं मोघम लिहिलं असेल, तर घरादाराचे कागद तिथे देऊ नका, ही माझी कळकळीची विनंती. तुम्ही आता तिथलं डिलीटचं बटण शोधा, नसेल तर ईमेल करून प्रती पुसायला सांगा. पुढच्या वेळी मास्क्ड आधार वापरा. त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात.

म्हापशाहून : आमचा होमस्टे आहे. विदेशी पाहुण्यांची माहिती २४ तासांत सरकारला कळवावी लागते. घाईत पासपोर्टचे फोटो ऑनलाइन लहान करून घेतो. चालेल का?

नको. पाहुण्याने पासपोर्ट विश्वासाने तुमच्या हातात दिला आहे, त्या संकेतस्थळाच्या नव्हे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही, काम दुसऱ्याकडून करून घेतलं तरी जबाबदारी माहिती गोळा करणाऱ्याचीच राहते. सुरक्षेत कसूर झाल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. फोटो लहान करण्याची सोय संगणकावरच असते, ती वापरा.

मडगावहून : वर्डची पीडीएफ इंटरनेटशिवाय होते का?

होते. विंडोजमध्ये प्रिंट देताना ‘मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ’ निवडा, किंवा मोफत मिळणारं लिबरऑफिस घ्या. काही संकेतस्थळं फाइल ब्राउझरमध्येच बदलतात. पान उघडल्यावर नेट बंद करून पाहा. तरीही काम झालं, तर बदल तुमच्याच संगणकावर होतो आहे.

फोंड्याहून : फाइल बदलायला गेलो, तर आधी एक प्रोग्राम उतरवायला लावला. तो मी चालवला.

मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयच्या डेन्व्हर कार्यालयाने नेमका हाच इशारा दिला होता: मोफत कन्व्हर्टरच्या नावाखाली संगणकात मालवेअर, म्हणजे घातक प्रोग्राम, घुसवतात. आधी नेट तोडा. बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदला, मग संगणक जाणकाराकडून तपासून घ्या. खात्यातून पैसे गेलेले दिसले, तर बँकेला कळवून त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा.