वाचकांचे प्रश्न : लवचिक एपीआय आणि डेटाबेसवरचा भार

प्रश्न : मोबाइल ॲपला हवी तेवढीच माहिती मागता यावी म्हणून आमच्या ग्रंथालयाच्या प्रणालीत आम्ही ग्राफक्यूएल (ॲपने सर्व्हरकडे माहिती मागण्याची, म्हणजे एपीआयची, एक पद्धत) आणले, परंतु ५० पुस्तके लेखकांसह मागितली की पोस्टग्रेस या डेटाबेसवर ५१ क्वेरी (माहितीच्या मागण्या) जातात. पुन्हा रेस्टकडे, म्हणजे ठरावीक पत्त्यावरून ठरावीक माहिती देणाऱ्या एपीआय पद्धतीकडे, वळावे का?

उत्तर : तशी घाई करू नये. ग्राफक्यूएलमध्ये प्रत्येक फील्डचा रिझॉल्व्हर (त्या फील्डची माहिती आणणारे फंक्शन) स्वतंत्रपणे चालतो, त्यामुळे पुस्तकांच्या एका क्वेरीनंतर प्रत्येक पुस्तकाच्या लेखकासाठी वेगळी क्वेरी निघते. डेटालोडर हे साधन असे सर्व आयडी क्षणभर गोळा करून लेखक एकाच क्वेरीत आणते, म्हणजे ५१च्या जागी २ क्वेरी पुरतात. मात्र त्याची कॅश (आणलेल्या माहितीचा तात्पुरता साठा) प्रत्येक विनंतीसाठी नवीन असावी, नाहीतर एका सभासदाची माहिती दुसऱ्याला दिसण्याचा धोका राहतो, आणि माझ्या मते हा धोका मंद गतीपेक्षा अधिक गंभीर आहे.

खरी कसोटी उलट दिशेला, म्हणजे लेखकाकडून पुस्तकांकडे जाताना, लागते. ‘प्रत्येक लेखकाची अलीकडची ५ पुस्तके’ मागितल्यास साधी लिमिट (ओळींच्या संख्येची मर्यादा) सर्व लेखकांना मिळून लागू होते. तेथे लॅटरल जॉइन (प्रत्येक लेखकासाठी वेगळी उपक्वेरी जोडणे) किंवा विंडो फंक्शन (प्रत्येक लेखकाच्या गटात ओळींना क्रमांक देणे) वापरावे लागते. शिवाय पोस्टग्रेस फॉरेन की (दुसऱ्या टेबलातील नोंदीकडे निर्देश करणारा आयडी) असलेल्या स्तंभावर आपोआप इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) तयार करत नाही, म्हणून पुस्तकांच्या टेबलात लेखकाच्या आयडीवर तो आवर्जून तयार करावा. लेखकातून पुस्तके, पुस्तकांतून पुन्हा लेखक अशी साखळी वाढू नये यासाठी क्वेरीच्या खोलीवर मर्यादा घालावी. ॲप केवळ तुमचेच असेल, तर मंजूर क्वेरींची यादी सर्व्हरवर ठेवून बाकीच्या नाकारणे सर्वांत सुरक्षित ठरेल.