गावच्या नाटकासाठी कवटी, तुटलेला हात आणि रक्त घरीच खरं वाटेल असं कसं बनवायचं?

भाऊ, तुम्ही विचारलं की मंडईतल्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेतल्या, नाटकात स्मशानाचा सीन आहे, बजेट नाही आणि बाजारातलं रबरी सामान लांबूनही खोटं दिसतं. मी आमच्या चंद्रपूरकडच्या गावात नाटकाचं सामान करतो, आपली झाडीपट्टीची नाटकं पाहत मोठा झालो, म्हणून एक गोष्ट आधीच सांगतो, रक्त ओतून भीती वाटत नाही. वस्तू जुनी दिसली पाहिजे, ऊन-पाणी-माती खाल्लेली, तेव्हा अंगावर काटा येतो.

कवटीसाठी फुगा फुगवा, त्यावर पेपरच्या पट्ट्या मैद्याच्या खळीने चिकटवा, चार-पाच थर, आणि प्रत्येक थर उन्हात कडक वाळू द्या. मग गालाची हाडं, भुवया, जबडा हे कागदाच्या लगद्याने वर चढवा. लगद्यात मेथीचं पीठ टाका, आपल्याकडे आज्या टोपले करताना टाकायच्या तसंच, म्हणजे कीड लागत नाही. आता सगळ्यात महत्त्वाचं, डोळ्याच्या खोबण्या पूर्ण डोक्याच्या साधारण मध्यावर येतात, पोट्टे त्या नेहमी वर कपाळात काढतात आणि कवटी कार्टूनसारखी दिसते. नाकाचं भोक खाली रुंद वर निमुळतं ठेवा. आणि रंग पांढराफेक नको! हाड पिवळसर असतं. पांढऱ्या डिस्टेंपरमध्ये थोडी पिवळी माती कालवा, वाळल्यावर कडक काळा चहा फासा, मग खाचांमध्ये पातळ काळपट तपकिरी रंग सोडून वरचा लगेच फडक्याने पुसून घ्या, खाचेत राहतो तेवढाच राहू द्या. एवढ्यानेच अर्धं काम होतं.

सडलेलं मांस दाखवायचं असेल तर आपल्याकडे कापसाला काय तोटा आहे! सरकी काढलेला कापूस बोटाने लांब ओढून तंतू करायचे, फेविकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं करून त्यात बुडवायचे आणि कवटीच्या गालावर, मानेवर ताणून लावायचे. फेविकॉल वाळला की पारदर्शक होतो आणि ते तंतू वाळलेल्या स्नायूंसारखे दिसतात, वरून चहा-कॉफीचा हात. केसाला अंबाडीचा वाख, म्हणजे तिच्या सालीचे तंतू, काळा रंगवून लावा, विगपेक्षा शंभर पट चांगला, पण विंचरू नका, मातीत घोळा.

तुटलेल्या हाताला मेडिकलमधला रबरी हातमोजा घ्या, बोटांत सळाखी बांधायची बारीक तार, बाकी कापूस ठासून भरा. नुसता मोजा चकाकतो म्हणून त्यावर टिश्यू पेपर फेविकॉलच्या पाण्याने चुरगळून चिकटवा, त्या सुरकुत्या म्हणजेच कातडी. मनगटाच्या तोंडातून बारीक बांबूची कांडी बाहेर काढा, आतून पोकळ असते म्हणून रंगवली की थेट हाड.

रक्त दोन प्रकारचं करा. तोंडात जाणारं असेल तर साखरेचा पाक, त्यात लिंबाचे चार थेंब म्हणजे साखर परत बसत नाही, खायचा लाल रंग आणि चिमूटभर कोको. नुसता लाल रंग गुलाबी मारतो, कोकोने तो खोल होतो. पाकाला मुंग्या येतात म्हणून कपड्यावर मैदा पाण्यात शिजवून केलेलं वापरा, त्याच दिवशी करा, दुसऱ्या दिवशी आंबतं. होळीचा रंग तोंडात, डोळ्यात कधीच नको. आणि जुनं वाळलेलं रक्त लाल नसतं, तपकिरी असतं, त्याला पानठेल्यावरचा कात पाण्यात कालवून डाग पाडा, कपडा मात्र टाकाऊच घ्या कारण तो डाग निघत नाही.

लाइटवाल्याशी आधी बोला बरं. लाल लाइटखाली लाल रक्त दिसतच नाही, निळ्या लाइटमध्ये ते काळं दिसतं आणि रात्रीच्या सीनला तेच शोभतं. पण हॅलोजन भयंकर तापतो, कापसाचं सामान त्याच्यापासून चांगलं लांब ठेवा, पडद्याला एकदा आग लागली तर मंडपात पळायला जागा नसते.

अजून एक, हे मी मनापासून सांगतो. कवटी, बाहुली, लिंबू, हळद-कुंकू असलं सामान तालमीनंतर चौकात, कोणाच्या दारात किंवा शेताच्या धुऱ्यावर पडू देऊ नका. आपल्या भागात करणीच्या संशयावरून म्हाताऱ्या बायांना मारहाण झालेली आहे, 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा असूनही. गंमत म्हणून ठेवलेल्या बाहुलीचा आळ गल्लीतल्या एखाद्या एकट्या बाईवर यायला वेळ लागत नाही. मी तर सामान बनवायला अंगणात बसतो, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवतो, पोरांना लगदा कालवायला लावतो, म्हणजे हा कागद आहे आणि हा कापूस आहे हे गावात सगळ्यांना माहीत असतं. तरीही अंधारात, बरोबर लाइटमध्ये तीच कवटी समोर आली की तेच लोक ओरडतात, म्हणून सांगून टाकल्याने सीन पडेल ही भीती ठेवू नका.