भावाने दिलेले चार लाख आणि फ्लॅटवर आलेली नोटीस

ताई, भावाला ठेवीदारांच्या फसवणुकीच्या गुन्ह्यात अटक झाली आणि आता तुमच्या फ्लॅटवर टाच का आणू नये, अशी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०७ खालची नोटीस तुम्हाला आली. फ्लॅट ३१ लाखांचा, त्यात भावाचे ४ लाख, बाकी तुमचा प्रॉव्हिडंट फंड आणि बँकेचं कर्ज. ‘मी आरोपी नाही, मग कोर्टात कशाला जाऊ?’ असं तुम्ही विचारलंय.

जायलाच हवं, आणि याच आठवड्यात. उत्तराला १४ दिवस मिळतात, त्यातले पाच गेले. हजर राहिला नाहीत तर कोर्ट एकतर्फी आदेश काढू शकतं. या कलमात खटल्याच्या निकालापर्यंत थांबण्याची अट नाही. मालमत्ता गुन्ह्याच्या पैशातली आहे असं कोर्टाने ठरवलं, की जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी ६० दिवसांत ती फसलेल्या लोकांत वाटायची असते. त्या ठेवीदारांचे पैसे परत मिळायलाच हवेत, पण ते तुमच्या फंडातून नव्हे.

आता पासबुक काढा. भावाचे पैसे मार्च २०२१ मध्ये जमा झाले म्हणता. एफआयआरमध्ये ठेवी घ्यायला सुरुवात कधीपासून दाखवली आहे, ते बघा. ती तारीख नंतरची असेल, तर पासबुकातली ती एक ओळ तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा आहे. आधीची असेल, तर टाच ४ लाखांपुरतीच ठेवा अशी विनंती करा आणि उरलेल्या २७ लाखांचा हिशेब फंडाच्या कागदांनी, कर्जाच्या मंजुरीपत्राने दाखवा. टाच आणण्यासाठी कोर्टात अर्ज पोलिसांना अधीक्षकांच्या किंवा आयुक्तांच्या मंजुरीनेच करता येतो. त्या अर्जाची प्रत पहिल्याच तारखेला मागून घ्या.

मेहुण्यांनी सुचवलेलं मागच्या तारखेचं बक्षीसपत्र मात्र कृपा करून करू नका. आज तुम्हाला फक्त उत्तर द्यायचंय, खोटा कागद दिलात तर स्वतःच आरोपी व्हाल. फ्लॅट घाईने विकूही नका.

वकिलाच्या फीची चिंता लिहिलीत. महिलेला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. जिल्हा न्यायालयाच्या आवारात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, उद्या सकाळीच तिथे अर्ज द्या. जाताना नोटीस पाकिटासकट न्या. ती तुमच्या हातात कधी पडली, हे दाखवायला पोस्टाचा शिक्का लागेल.