मूल घरी आल्यानंतरचा पहिला महिना

दत्तक घेतलेलं किंवा काही काळापुरतं सांभाळायला घेतलेलं मूल घरी आलं आणि पहिला आठवडा शांत गेला म्हणताय, छान! पण हुरळून जाऊ नका. नव्या घरात आलेलं मूल आधी पाहुण्यासारखं वागतं. रडणं, चिडणं, दार आपटणं बहुधा नंतर सुरू होतं, आणि मग आपलंच काही चुकलं असं वाटत राहतं. खरं तर तेव्हा त्याला तुमच्यासमोर चिडायची भीती वाटेनाशी झालेली असते.

मुलाच्या उशीखाली लपवलेला खाऊ सापडेल. आमच्याकडे सापडला होता, आणि मी शहाणपणा करून तो फेकून दिला. दुसऱ्या दिवशी दुप्पट लपवलेला! मग एक डबा त्याच्या हाताला येईल असा ठेवला आणि तो कधीच रिकामा होऊ दिला नाही. लपवणं थांबायला चार महिने लागले. उपासमार पाहिलेल्या मुलाला पोट भरल्यावरही उद्याची खात्री नसते.

पाहुणे थोपवा, अगदी आजी-आजोबांनाही. (वाईटपणा येतो, घ्या.) भरवणं, अंघोळ, झोपवणं तुम्हीच करा, म्हणजे आपलं माणूस कोण हे त्याला कळेल.

सोबत आणलेला जुना शर्ट लगेच धुऊ नका, त्या वासाचा त्याला आधार असतो. नावही बदलू नका. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क कराराचं आठवं कलम नावाला मुलाच्या ओळखीचा भाग मानतं. आणि तात्पुरतं पालकत्व असेल तर ‘आता तू कायमचा इथेच’ हे चुकूनही बोलू नका. जन्मदात्यांना भेटून आल्यावर रात्र जड जाते, म्हणून दुसरा दिवस मोकळा ठेवा.