वाचक विचारतात : बेसबॉलचा हिवाळा कसा वाचायचा?

मेजर लीग बेसबॉलचा हंगाम संपल्यावरच्या साडेचार-पाच महिन्यांबद्दल आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत. एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाची अंतिम मालिका, संपली की पुढचा खरा सामना थेट मार्चअखेर. मधल्या काळात बातम्यांचा पाऊस पडतो, पण त्यातलं आपल्या संघासाठी महत्त्वाचं काय, ते कळत नाही. सुरुवात कुठून करावी?

आपल्या संघाची ४० जणांची यादी कागदावर उतरवून घ्या. मैदानावर उतरणारा संघ २६ जणांचा असतो, पण हिवाळ्यातली सगळी ओढाताण या ४० जागांवरून चालते. प्रत्येक नावापुढे चार रकाने ठेवा : करार कधी संपतो, मेजर लीगमधला सेवाकाळ किती, मायनर (खालच्या) लीगमध्ये पाठवण्याचे ऑप्शन, म्हणजे मुभा, किती उरले आणि खेळाडू ६० दिवसांच्या दुखापत यादीत होता का.

सेवाकाळ ३.१०१ असा लिहिलेला दिसेल. तो दशांश नव्हे. तीन वर्षं आणि १०१ दिवस, असा त्याचा अर्थ. १७२ दिवसांचं एक वर्ष धरतात, त्यामुळे ३.१७१ नंतर ४.००० येतं. सहा वर्षं भरलेला आणि करार संपलेला खेळाडू फ्री एजंट होतो, म्हणजे कुठल्याही संघाशी करार करायला मोकळा. तीन ते सहाच्या मधला पगार ठरवणाऱ्या लवादाला, म्हणजे आर्बिट्रेशनला, पात्र असतो. तीनच्या खालच्याला बहुधा किमान वेतनाच्या आसपास पैसे मिळतात. २०२६ साठी हे किमान वेतन ७ लाख ८० हजार डॉलर आहे. दोन ते तीन वर्षांच्या गटातले सेवाकाळाने वरचे २२ टक्के खेळाडू मात्र एक वर्ष आधीच आर्बिट्रेशनमध्ये जातात. त्यांना ‘सुपर टू’ म्हणतात.

सगळ्यात जास्त चुका चौथ्या रकान्यात होतात. हंगाम चालू असताना ६० दिवसांच्या दुखापत यादीतला खेळाडू ४० मध्ये मोजत नाहीत. पण वर्ल्ड सिरीज संपल्यावर पाच दिवसांत त्या सगळ्यांना परत ४० मध्ये घ्यावं लागतं आणि फेब्रुवारीत सराव शिबिरं उघडेपर्यंत ती सोय बंद राहते. समजा यादी पूर्ण ४० ची आहे, पाच जण फ्री एजंट होऊन गेले आणि चार जण दुखापतीतून परत आले. उरली एक जागा. रूल ५ मसुद्यापासून, म्हणजे ४० बाहेरचे तरुण दुसऱ्या संघांना उचलू देणाऱ्या ड्राफ्टपासून, वाचवायला तीन तरुण यादीत घ्यायचे असतील, तर आणखी दोघांना काढावंच लागेल. नोव्हेंबरच्या मध्यावर एखादा बरा रिलीव्हर, म्हणजे मागाहून येणारा पिचर (चेंडू टाकणारा), निव्वळ रोख रकमेवर दुसऱ्या संघाला दिला जातो, तेव्हा बहुतेकदा कारण एवढंच असतं. त्यावरून व्यवस्थापकाची अक्कल काढण्याआधी ४० चा आकडा मोजून पाहावा.

प्रश्न : चांगल्या नावाच्या खेळाडूला संघ ‘नॉन-टेंडर’ करतो, म्हणजे बदल्यात काहीही न घेता सोडून देतो. निदान ट्रेड (अदलाबदल) तरी का करत नाही?

ट्रेड जमला असता तर केलाच असता. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास प्रत्येक संघाला आर्बिट्रेशनला पात्र खेळाडूंबाबत ठरवावं लागतं : पुढच्या वर्षाचा करार देऊ करायचा की नाही. दिला नाही, तर खेळाडू तिथल्या तिथे मोकळा होतो. ही मुदत जवळ आली की उरलेल्या २९ संघांना माहीत असतं की हा माणूस दोन दिवसांत फुकट मिळणार आहे. मग बदल्यात कोण कशाला काही देईल?

मुळात सोडावंसं का वाटतं, त्याचं उत्तर आर्बिट्रेशनच्या रचनेत आहे. जानेवारीत खेळाडू आणि संघ आपापला आकडा देतात. तडजोड झाली नाही, तर तीन लवादांसमोर सुनावणी होते आणि त्यांना दोन्हींपैकी एकच आकडा निवडावा लागतो, मधला काढता येत नाही. पगार मागच्या पगारावर रचला जातो आणि होम रन, आरबीआय, सेव्ह अशा ठोक आकड्यांना तिथे अजून वजन आहे. एकदा चढलेला पगार या वाटेने खाली येणं कठीण. शिवाय कपातीला नियमाने मर्यादा आहे, साधारण २० टक्क्यांची.

कोडी बेलिंजर हे याचं नेमकं उदाहरण. २०१९ चा नॅशनल लीगचा (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक) एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू. २०२२ मध्ये पगार १ कोटी ७० लाख डॉलर आणि बॅटिंग सरासरी .२१०. डॉजर्सनी त्या नोव्हेंबरमध्ये त्याला सोडलं, कब्जनी १ कोटी ७५ लाखांवर एका वर्षासाठी घेतलं आणि २०२३ मध्ये तो नॅशनल लीगचा सर्वोत्तम पुनरागमन करणारा खेळाडू ठरला. डॉजर्स चुकले, असं म्हणता येईल. पण त्या किमतीला त्या वेळी त्याच्यासाठी कुणी ट्रेडही केला नव्हता, हेही तितकंच खरं.

चाहत्याने या मुदतीच्या आठवड्यात इतर संघांनी सोडलेल्यांची यादी जरूर चाळावी. स्वस्तात मिळणारा चौथा आउटफिल्डर किंवा सातव्या डावाचा पिचर बऱ्याचदा तिथेच सापडतो.

प्रश्न : आमच्या स्टारने क्वालिफाइंग ऑफर नाकारली आणि तो गेला. बदल्यात मसुद्यातली, म्हणजे नव्या खेळाडूंच्या ड्राफ्टमधली, निवड मिळेल म्हणतात. कितवी?

ते तुमचा संघ किती श्रीमंत आहे आणि खेळाडूला दुसरीकडे किती मिळाले, यावर ठरतं. फ्री एजंट होणाऱ्या आपल्या खेळाडूला संघ देतो ती ही ऑफर एका वर्षाची असते आणि तिची रक्कम सर्वाधिक पगाराच्या १२५ खेळाडूंची सरासरी असते. २०२५ च्या हिवाळ्यात ती २ कोटी २० लाख २५ हजार डॉलर होती. पूर्ण हंगाम त्याच संघात काढलेल्या आणि आधी कधीही ऑफर न मिळालेल्या खेळाडूलाच ती देता येते. त्यामुळे जुलैत ट्रेड करून आणलेल्या पिचरबद्दल भरपाईची आशा धरू नका.

महसूल वाटपातून पैसे मिळणारा लहान संघ असेल आणि खेळाडूला किमान ५ कोटींची हमी मिळाली, तर पहिल्या फेरीनंतर लगेच निवड मिळते. लक्झरी टॅक्स (पगारांची ठरलेली मर्यादा ओलांडल्यावरचा कर) भरणाऱ्या संघाला ती चौथ्या फेरीनंतर मिळते. बाकीच्यांना तिसऱ्या फेरीच्या आधी. खेळाडू घेणाऱ्या संघाचंही नुकसान होतं : टॅक्स भरणारा संघ आपली दुसरी आणि पाचवी सर्वोच्च निवड गमावतो, वर परदेशी किशोरवयीन खेळाडूंसाठीच्या बोनस निधीतले १० लाख डॉलर. मधल्या दर्जाचा फ्री एजंट फेब्रुवारीपर्यंत घरी बसून राहतो, त्यामागे पुष्कळदा हा चिकटलेला दंड असतो.

प्रश्न : ‘करार झाला’ अशी बातमी येते, संघ मात्र गप्प. कोणत्या टप्प्यावर विश्वास ठेवायचा?

चार टप्पे वेगळे ओळखायला शिका. ‘संघाला रस आहे’ याला जवळजवळ काहीच किंमत नाही. ही बातमी बहुधा एजंटच्या सोयीची असते. ‘अटींवर सहमती’ ही दखल घेण्याजोगी. त्यानंतर वैद्यकीय तपासणी, आणि शेवटी संघाची घोषणा.

तपासणी हा उपचार नव्हे, हे डिसेंबर २०२२ मध्ये कार्लोस कोरिया या फ्री एजंटने सगळ्यांना शिकवलं. जायंट्सशी १३ वर्षं ३५ कोटी डॉलरवर सहमती झाली होती. पायावरच्या जुन्या शस्त्रक्रियेमुळे जायंट्स अडले. मग मेट्स, १२ वर्षं, ३१ कोटी ५० लाख. तेही तिथेच अडले. जानेवारीत तो ट्विन्सकडे परतला, ६ वर्षं आणि २० कोटींवर. पुढच्याच डिसेंबरात, २०२३ मध्ये, फ्री एजंट असलेला जपानी स्टार शोहेई ओहतानी तिथल्या संघाशी करार करायला टोरंटोच्या विमानात बसल्याची बातमी पसरली. हजारो लोक त्या विमानाचा मार्ग पाहत बसले. आत होता कॅनडातला एक उद्योजक. दुसऱ्या दिवशी ओहतानीने डॉजर्सचं नाव स्वतः जाहीर केलं.

तपासणी होऊनही घोषणा लांबते, त्याचं कारण पुन्हा ४० जागा. यादी भरलेली असेल तर कुणाला तरी काढावं लागतं. ‘डेझिग्नेट’ केलेल्या, म्हणजे असा काढलेल्या, खेळाडूबद्दल सात दिवसांत ट्रेड, वेव्हर (इतर संघांना त्याला उचलण्याची संधी) किंवा मुक्तता यांपैकी काही ठरवावं लागतं. फेब्रुवारीच्या मध्यावर होणारे करार तर कधीकधी मुद्दाम थांबवून ठेवतात : शिबिर उघडलं की शस्त्रक्रिया झालेल्या पिचरला ६० दिवसांच्या यादीत टाकायचं आणि नव्या माणसाला त्याची जागा द्यायची.

प्रश्न : ओहतानीचा करार ७० कोटींचा, पगार वर्षाला २० लाख, आणि लक्झरी टॅक्सच्या हिशेबात ४ कोटी ६० लाख. यातला खरा आकडा कोणता?

तिन्ही खरे, कामं वेगळी. १० वर्षांत दरवर्षी ७ कोटी ठरले, त्यातले ६ कोटी ८० लाख पुढे ढकलले. ते २०३४ ते २०४३ या काळात बिनव्याजी मिळणार. इतक्या उशिरा येणाऱ्या पैशाचं आजचं मूल्य कमी, म्हणून टॅक्ससाठी वर्षाला सुमारे ४ कोटी ६० लाख धरतात. हुआन सोतोच्या मेट्सबरोबरच्या करारात (१५ वर्षं, ७६ कोटी ५० लाख) ढकललेलं काहीच नाही, त्यामुळे तिथे साधा भागाकार चालतो : ५ कोटी १० लाख.

टॅक्सचा हिशेब त्या वर्षीच्या पगारावर नसून कराराच्या वार्षिक सरासरीवर होतो, हे ध्यानात ठेवलं की निम्मा गोंधळ मिटतो. २०२६ ची मर्यादा २४ कोटी ४० लाख. ओलांडलेल्या रकमेवर पहिल्या वर्षी २० टक्के, सलग दुसऱ्या वर्षी ३०, तिसऱ्यापासून ५०. शिवाय २ कोटींहून अधिक ओलांडलं की जादा अधिभार. म्हणजे पहिल्यांदाच १ कोटीने मर्यादा ओलांडणारा संघ २० लाख भरतो. एवढ्या टॅक्सच्या भीतीने आम्ही शॉर्टस्टॉप घेतला नाही, असं मालक सांगू लागले तर त्यांना हा गुणाकार दाखवावा.

आणखी एक. तुम्ही स्वतः बेरीज केली की ती प्रसिद्ध आकड्यापेक्षा कमी भरते. खेळाडूंच्या विमा-पेन्शनसारख्या लाभांचा प्रत्येक संघावरचा वाटा, आणि आर्बिट्रेशनपूर्व खेळाडूंच्या ५ कोटींच्या बोनस निधीचा तिसावा हिस्सा, म्हणजे सुमारे १६ लाख ७० हजार, हे त्यात धरायचे राहून गेलेले असतात.

प्रश्न : रूल ५ मसुद्यात आमचा तरुण पिचर गेला. परत येऊ शकतो का?

येऊ शकतो, आणि बरेच येतात. १८ किंवा त्याहून कमी वयात करार केलेल्याला पाच हंगाम आणि १९ च्या पुढच्याला चार हंगाम झाल्यावर, तो ४० मध्ये नसेल तर, डिसेंबरमध्ये दुसरा संघ १ लाख डॉलर देऊन उचलतो. अट अशी की पुढचा पूर्ण हंगाम त्याला २६ जणांत ठेवायचं. दुखापतीच्या नावाखाली लपवता येऊ नये म्हणून किमान ९० दिवस तो सक्रिय असावा लागतो; नाहीतर अट पुढच्या वर्षावर जाते. ठेवता आलं नाही तर आधी वेव्हर, मग ५० हजारांना मूळ संघाला परत देऊ करायचं. परत आला की त्याला ४० मध्ये जागा द्यावी लागत नाही.

मार्चअखेरपर्यंत वाट पाहा. मात्र कच्चा माल समजून हसण्यावारी नेऊ नका : १९५४ मध्ये पायरेट्सनी डॉजर्सकडून रॉबर्टो क्लेमेंटे असाच नेला.

प्रश्न : जपानहून येणाऱ्या खेळाडूसाठी ‘पोस्टिंग’ची रक्कम कशी काढतात?

पोस्टिंग म्हणजे जपानी क्लबने आपल्या करारातल्या खेळाडूला मेजर लीगच्या संघांशी बोलणी करू देणं. हमी रकमेतल्या पहिल्या अडीच कोटींवर २० टक्के, पुढच्या अडीच कोटींवर १७.५ टक्के, उरलेल्यावर १५ टक्के. योशिनोबू यामामोतोच्या ३२ कोटी ५० लाखांवर हे ५० लाख, ४३ लाख ७५ हजार आणि ४ कोटी १२ लाख ५० हजार असे होतात. बेरीज ५ कोटी ६ लाख २५ हजार. हे पैसे जपानी क्लबला, खेळाडूच्या रकमेवर वेगळे. बोलणीची मुदत ४५ दिवस. २५ वर्षांखालच्या खेळाडूला मात्र फक्त परदेशी किशोरांसाठीच्या बोनस निधीतून पैसे देता येतात. म्हणूनच रोकी सासाकी ६५ लाखांत आला.

प्रश्न : स्प्रिंग ट्रेनिंगमधल्या (हंगामाआधीच्या सराव सामन्यांतल्या) आकड्यांवर किती भर द्यावा?

बॅटिंग सरासरीवर अजिबात नको. फ्लोरिडात किंवा ॲरिझोनात, सातव्या डावात समोर डबल-ए चा (मायनर लीगमधला) पिचर असतो आणि एखादा अनुभवी स्टार्टर, म्हणजे सामना सुरू करणारा पिचर, दुपारभर फक्त नवा चेंजअप (फसवा संथ चेंडू) घोटत असतो. त्याऐवजी पिचरचा वेग पाहा, तोही मागच्या सप्टेंबरशी नव्हे तर मागच्या मार्चशी ताडून. स्टार्टर एक-दोन डावांपासून महिनाअखेर पाच-सहा डावांपर्यंत चढतोय का, तेही बघा. आणि तुमच्या कागदावरचा ऑप्शनचा रकाना आता काढा : ऑप्शन संपलेला खेळाडू २६ मध्ये बसला नाही, तर वेव्हरवरून न जाता त्याला खाली पाठवता येत नाही. शेवटच्या दोन जागांसाठी चांगला खेळलेला तरुण मागे पडतो, तो बहुधा याच कारणाने.

प्रश्न : मालक आणि खेळाडू संघटना यांच्यातला सध्याचा कामगार करार १ डिसेंबर २०२६ ला संपतो. लॉकआउट (मालकांनी केलेली टाळेबंदी) झालाच तर चाहत्याला पाहण्यासारखं काय उरतं?

मागचा लॉकआउट २ डिसेंबर २०२१ ते १० मार्च २०२२, म्हणजे ९९ दिवस चालला. ४० मधल्यांचे करार, ट्रेड सगळं गोठलं होतं. दुखापतीतून सावरणाऱ्या खेळाडूंना संघाच्या डॉक्टरांशी बोलण्याचीही मुभा नव्हती. रूल ५ चा मुख्य मसुदा रद्द झाला, मायनर लीगचा मात्र झाला. ४० बाहेरच्या खेळाडूंचे मायनर लीग करारही होत राहिले. तेव्हा मुदतीआधीचा नोव्हेंबर गर्दीचा धरून चला : मागच्या वेळी कितीतरी मोठे करार शेवटच्या दोन-तीन दिवसांत उरकले गेले. पुढे डॉमिनिकन रिपब्लिक, व्हेनेझुएला, मेक्सिको आणि पोर्तो रिको इथल्या हिवाळी लीगमध्ये आपल्या संघाचे मायनर लीगमधले कोण खेळतायत ते शोधा. तिथल्या विजेत्यांची कॅरिबियन सिरीज फेब्रुवारीच्या सुरुवातीला असते.